पत्त्यावरचं अक्षर

भिंगमास्तरांनी आयुष्यात एकही वर्ग शिकवला नव्हता. तरी सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण भेटेल त्याच्या अक्षराला नावं ठेवायची त्यांना खोड होती. टपाल छाननीच्या ऑफिसात खिडकीजवळ एक लांब टेबल होतं आणि त्या टेबलाशी ते छत्तीस वर्षं बसले. ज्या पाकिटावरचा पत्ता कुणालाच लागत नाही, ते फिरत फिरत तिथे यायचं. मास्तर ते आधी नाकाशी धरत, मग हातभर लांब धरत, मग भिंग लावत. शेवटी लिहिणाऱ्याचा उद्धार करून पाकिटाच्या पुढच्या बाजूला लाल पेन्सिलीने खरा पत्ता लिहून टाकत. "हा मनुष्य घोड्यावर बसून लिहीत होता, आणि घोड्याला घाई होती," असं काहीतरी म्हटल्याशिवाय एकही पाकीट पुढे जायचं नाही.

त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे पाहत राहावं असं. टपोरं, उभं, एका उंचीचं. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांच्या हातची एक जुनी सूचना चौकट करून भिंतीवर लावली. सूचना 'येथे थुंकू नये' अशी होती, पण अक्षर सुंदर होतं.

मग बहात्तराव्या वर्षी, सकाळी दात घासता घासता, मास्तरांचा उजवा हात ब्रशसकट खाली आला आणि वर जायलाच तयार होईना. पाठोपाठ मास्तरही खाली आले. मेंदूत एक बारीकशी गुठळी अडकली होती. अकरा दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले. पाय परत आला. जीभ तर अशी परत आली की मास्तरीणबाईंना वाटलं, थोडी मागे राहिली असती तरी चाललं असतं. हात मात्र अर्धाच परत आला. घास तोंडापर्यंत न्यायचा, शर्टाचं बटण लावायचा, पण पेन दिसलं की बिथरायचा.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा वहीत आपलं नाव लिहिलं. मग चष्मा काढून, घालून, वही लांब धरून पाहिली.

"अगं, इकडे ये," त्यांनी हाक मारली. "या माणसाच्या हातात पेन कुणी दिलं?"

मास्तरीणबाई ओला हात पदराला पुसत आल्या. औषधांच्या दुकानात तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. कुणाच्या वाट्याला जास्त भयंकर अक्षरं आली, यावर दोघांचं लग्नापासून भांडण चालू होतं.

"लागतंय की," त्या म्हणाल्या. "आमच्या हाडांच्या डॉक्टरांपेक्षा बरंच आहे."

"ते जिवंत आहेत का?"

"अजून आहेत."

"मग त्यांना कळवू नकोस."

असं त्यांचं चाललेलं असायचं. मास्तरांनी ठरवूनच टाकलं होतं की रडायचं नाही. रडून हात सुधारत नाही आणि नाक मात्र चोंदतं. ते रोज सकाळी एक पानभर रेघा, मग एक पानभर गोल काढत, आणि गोलांची थट्टा करत. बोटांना ताकद यावी म्हणून कपड्यांचे चिमटे दाबायला सांगितले होते. मास्तरीणबाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी हातात धरून वाचून दाखवलं की नुसते चिमटे दाबून भागणार नाही, रोजचे धुतलेले कपडे वाळत घालायचे आहेत. मास्तरांनी चिठ्ठी मागून घेतली, भिंग लावलं, दहा मिनिटं डोकं खाजवलं आणि निमूट बादली उचलली.

एक दिवस त्यांनी हौसेने सामानाची यादी लिहून दिली. दुकानदाराने ती उलटी धरली, गंभीरपणे वाचली आणि सगळं सामान बरोबर काढून दिलं. मास्तर चार दिवस खुशीत होते. बाईंनी सामान आधीच तोंडी सांगून ठेवलं होतं, हे त्यांना पाचव्या दिवशी कळलं.

एकाच गोष्टीची थट्टा मास्तरांना करता येत नव्हती. ती म्हणजे ताईचं पत्र.

ताई त्यांची थोरली बहीण, ऐंशी वर्षांची, दिवसभराच्या प्रवासावर दुसऱ्या गावी एकटी राहायची. कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. चाळीस वर्षं दर महिन्याला मास्तरांचं एक पत्र तिला जायचं आणि तिचं एक यायचं. आणि त्या दोघांमध्ये, कुणी न ठरवता, एक नियम होऊन बसला होता. वडील गेले तेव्हा ते कळवणारं पत्र शेजाऱ्याच्या हातचं आलं होतं. ताईचे यजमान गेले तेव्हा मास्तरांना आलेलं पत्रही कुणा तिसऱ्याच्याच हातचं होतं. तेव्हापासून पत्त्यावर परकं अक्षर दिसलं की दोघंही कुणीतरी गेल्याचं धरूनच पाकीट फोडायची. ताईने एकदा लिहिलं होतं, "तुझं अक्षर दिसलं की पाकीट कोनाड्यात ठेवते आणि आधी हातातलं काम उरकते. घाई नसते. तू आहेस हे बाहेरूनच कळतं."

दुखण्याचं ताईला कळवायचं नाही, असं मास्तरांनी बजावून ठेवलं होतं. हात सुधारला की आपणच लिहू, असं ते म्हणत. तीन महिने गेले. हात सुधारायचं नाव घेईना आणि ताईचं पत्र आलं, "तुझी तीन पत्रं बुडाली. शेजारणीला फोन करायला लावला, तर ती येऊन सांगते की सगळं ठीक आहे. वडिलांच्या वेळीही सगळे असंच म्हणत होते. तुझ्या हातचं पत्र पाठव."

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर ठेवलं. "आता काय करायचं?" ते म्हणाले. त्या आवाजात थट्टा नव्हती.

"मी लिहिते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या अक्षरात."

मास्तरांच्या डोळ्यांत छत्तीस वर्षांचा अनुभव जागा झाला. जुनी पत्रं बाहेर निघाली, रेघांच्या वह्या आल्या आणि घरात शाळा भरली. इतका खडूस मास्तर आणि इतकी सोशिक विद्यार्थिनी कुठे सापडायची नाही.

"माझ्या 'ळ'ला पोट सुटलेलं नाही."

"तुम्हाला सुटलंय, त्याला सुटलं तर काय झालं?"

"आणि तो 'क' बघ. ताठ उभा हवा. हा लाजतोय."

"तुमचा 'क' आहे आढ्यताखोर. मला नाही जमत तसं उभं राहायला."

पण नवव्या दिवशी जमलं. मास्तरांनी भिंग लावून कागदाचा कोपरान्‌कोपरा तपासला आणि म्हणाले, "माझ्या टेबलावर हे आलं असतं, तर मीही फसलो असतो." त्यांनी मजकूर सांगितला, बाईंनी लिहिला. हवापाण्याची चौकशी होती, गुडघ्यांची होती, टपालखात्याला थोड्या शिव्या होत्या. पाकीट पेटीत पडलं आणि दोघं चोरी पचल्यासारखे हसत घरी आले.

ताईचं उत्तर आठवड्यात आलं.

"पत्र मिळालं. अक्षर छान आहे, पण तुझं नाही," तिने लिहिलं होतं. "चाळीस वर्षांत तुझं एकही पत्र कागदात मावलेलं नाही. शेवटच्या ओळी समासात चढतात आणि मला मान वाकडी करून वाचाव्या लागतात. हे पत्र बेताने मावलं आहे आणि खाली दोन बोटं जागा उरली आहे. तेव्हा ज्याने कुणी लिहिलं, त्याने मला सरळ सांगावं, माझा भाऊ आहे की गेला. एक तारखेच्या बसचं तिकीट काढून ठेवलं आहे. तोवर त्याच्या हातचं पत्र आलं नाही, तर मी येऊन बघते."

मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या. तीस वर्षं पुड्या मोजून बांधलेल्या बाई, कागदसुद्धा त्यांनी आधी मापून घेतला होता. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "एवढं नीट लिहायला नको होतं."

मास्तरांना हसू आलं, पण ते पुरतं बाहेर आलं नाही. मागच्या वर्षी ताई बसच्या पायरीवरून पडून दीड महिना अंथरुणात होती. दिवसभराचा प्रवास, मध्ये दोनदा बस बदलायची, ऐकू येत नाही, आणि मनात हे की भाऊ मेला आहे. त्या दिवशी बारा तारीख होती. मास्तरांनी कागद पुढे ओढला.

तीन सकाळी गेल्या. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून ते लिहायचे. एक शब्द झाला की थांबायचे, घाम पुसायचे. ओळ सरळ निघायची आणि मध्येच तिला काहीतरी आठवल्यासारखी खाली जायची. "ताई, मी आहे, गेलो नाही," पहिल्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी, हाताचं दुखणं झालं होतं, आता बराय, पण अक्षर असंच राहील म्हणतात. मागचं पत्र हिने लिहिलं, सांगितलं मी, रागवायचं तर मला. बसने येऊ नकोस.

तिसऱ्या दिवशी कागद संपला, पण मास्तरांचं संपलं नव्हतं. समासात कागद उभा करून त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या. त्या तर अगदीच गेल्या, मुंग्यांनी वरात काढावी तशा. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःच वाचून पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. हे कुणाच्या बापाला लागणार नाही, म्हणून तर ते लिहिलं होतं. 'त्या दिवशी खाली पडलो तेव्हा फार घाबरलो. पहिली हाक तुलाच मारली, पण जीभ चालली नाही.' बहात्तर वर्षांत असलं काही त्यांनी ताईला कधी म्हटलं नव्हतं, चांगल्या अक्षरात तर नाहीच नाही.

"पत्ता तरी मी घालते," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या मघापासून मागे उभ्या होत्या.

"पत्ताच तर मी घालायचा आहे. आतलं ती नंतर बघेल."

सोळा तारखेला मास्तरांनी पाकीट पेटीत टाकलं.

बावीस तारखेला दुपारी फोन वाजला. मास्तरांच्या जागी आता जी बाई बसायची तिचा. चाळिशीची, हुशार, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर. मास्तरांनी तिला शिकवून तयार केली होती आणि तिचं नाव दोनचष्मी ठेवलं होतं.

"मास्तर, बरं वाटतंय ना आता? एक विनंती होती," ती म्हणाली. "एक पाकीट सहा दिवस टेबलावर पडलंय, काही केल्या लागत नाही. उद्या सातवा दिवस, म्हणजे नियमाने फोडावं लागणार. मला फोडायचं नाही. येता का जरा?"

मास्तरांनी कपडे केले. मास्तरीणबाई सोबत निघाल्या, मास्तरांना एकटं सोडायला त्या अजून तयार नव्हत्या. दुखण्यानंतर ते पहिल्यांदाच ऑफिसात जात होते. आत तोच गोणपाटाचा आणि डिंकाचा वास होता, शिक्के तसेच धपाधप पडत होते, भिंतभर खणांमध्ये गावांच्या नावाखाली पाकिटं उभी होती. लोक उठून भेटले. कुणीतरी खुर्ची दिली. दोनचष्मीने दिवा खाली ओढला आणि पाकीट पुढे ठेवलं.

मास्तरांनी एकदाच पाहिलं. तिरकं चिकटलेलं तिकीट, उतरत गेलेल्या तीन ओळी. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या.

"काय वाटतं तुला?" मास्तरांनी गंभीरपणे विचारलं.

"काय वाटणार? मला तर वाटतं चालत्या गाडीतून उतरता उतरता लिहिलंय," दोनचष्मी म्हणाली. तिला मास्तरांपुढे आपली तयारी दाखवायची होती. "आणि उतरताना पडलाय. दुसऱ्या ओळीत बघा, इथे पडलाय तो. मास्तर, इतकी वर्षं झाली, पण एवढं वाईट मी पाहिलं नाही. ज्याने लिहिलं त्याच्या घरच्यांनी पेन काढून घ्यायला हवं."

"त्याच्या घरच्यांना मी सांगतो," मास्तर म्हणाले आणि बायकोकडे वळले. "ऐकलंस का?"

"ऐकलं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

दोनचष्मीने एकाकडून दुसरीकडे पाहिलं. मग पाकिटाकडे. मग तिने कपाळावरचाही चष्मा खाली घेतला आणि तिचा चेहरा लाल पेन्सिलीसारखा झाला. "मास्तर, मला माहीत असतं तर..."

पण मास्तर हसत सुटले होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शिक्के मारणारे थांबून बघायला लागले. छत्तीस वर्षं त्यांनी सगळ्या जगाला जे सुनावलं होतं ते आज घरपोच मिळालं होतं, तेही त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच शिष्येकडून. आजारी पडल्यापासून ते इतके हसले नव्हते. बाईंनी त्यांना पाणी दिलं.

"पत्ता सांगतो, लिहून घे," शेवटी ते म्हणाले. "पण लाल पेन्सिलीने पाठीवर लिही. पुढच्या बाजूला हात लावू नकोस."

"नियम पुढे लिहायचा आहे मास्तर. तुम्हीच शिकवलाय."

"मी पुष्कळ काही चुकीचं शिकवलं," मास्तर म्हणाले आणि मग त्यांनी तिला ताईचं सगळं सांगितलं, बसच्या तिकिटापर्यंत. "पुढे कुणाचं अक्षर दिसलं तर ती उघडण्याआधीच खचेल."

दोनचष्मीने पाकीट पालथं केलं, पत्ता लिहिला आणि स्वतः उठून चारच्या गाडीच्या गोणीत टाकून आली.

एक तारीख उजाडली तेव्हा मास्तर पहाटेपासून तयार होऊन बसले. दारात कुणाची चाहूल लागली की उठायचे. ताई यावी असं वाटायचं आणि येऊ नये असंही वाटायचं. बस संध्याकाळी यायची. ती आली, तिच्यातून उतरलेले लोक कोपऱ्यावरून आपापल्या घरी गेले, ताई आली नाही. "पत्र पोचलं म्हणजे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "किंवा वाटेत पडली," मास्तर म्हणाले आणि जेवले नाहीत.

पाच तारखेला ताईचं पत्र आलं. पाकीट हातात घेऊन मास्तर खाली बसले आणि बायकोने उघडून त्यांच्या हातात दिलं.

"तुझं पत्र मिळालं," ताईने लिहिलं होतं. "पाकीट पाहिलं आणि म्हटलं, असं भयंकर दुसऱ्या कुणाला मुद्दाम काढता यायचं नाही, म्हणजे हाच आहे. तिकीट परत केलं. मग वाचायला बसले. पहिल्या दिवशी 'मी आहे' एवढं लागलं, तेवढ्यावर मी जेवले. मग रोज एकेक ओळ लावत गेले. तुला हाताचं होऊन गेलं आणि मला कळवलं नाहीस, त्याबद्दल भेटशील तेव्हा बघते. हिला म्हणावं, तुझा राग नाही, अक्षर फार छान काढलंस. समासातल्या दोन ओळी अजून लागत नाहीत. शेजारीण म्हणते त्यात औषधाचं नाव आहे. मला नाही तसं वाटत. आता मी ते पत्र कुणाला दाखवत नाही, तूही सांगू नकोस, माझं मी लावीन. आधी तुझं पत्र पाच मिनिटांत संपायचं आणि मग महिनाभर काही नसायचं. हे नऊ दिवस झाले तरी पुरतंय."

मास्तरांनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. त्यांचे कान तापले होते. ताई हट्टी होती. ती त्या दोन ओळी लावल्याशिवाय राहणार नव्हती.

"काय होतं हो समासात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "औषधाचं नाव."

त्यांच्या मागे उभं राहून बाईंनी त्या ओळी शाई ओली असतानाच वाचल्या होत्या. त्यांनी कपाटातून कोरा कागद काढला, मास्तरांसमोर ठेवला आणि पेनाचं टोपण उघडून दिलं, कारण ते अजून त्यांना उघडत नसे.

"मग या महिन्यातही लिहा," त्या म्हणाल्या. "औषध मध्येच बंद करायचं नसतं."